शोरूमचं वर्कशॉप की हायवेवरचं गॅरेज?

खानापूरचा भाचा आयटीआय करून विचारतोय, ‘मामा, बेळगावात वर्कशॉपला लागू की निपाणीजवळच्या गॅरेजात?’

पगाराचं सरळ आहे. वर्कशॉपात पीएफसह ठरल्या तारखेला, गॅरेजात सुरुवातीला हातखर्चापुरता. कन्नड दोन्हीकडे लागतंच.

खरा फरक शिकण्यात. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या) गाड्यांचे बरेच बिघाड स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय सापडत नाहीत. तो वर्कशॉपात असतोच. पण तिथं पहिले महिने ऑइल-फिल्टर बदलण्यात जातात. गॅरेजात लवकर क्लच उतरवायला मिळतो. मी तिथंच शिकलो. पण टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरानं आवळायचा पाना, कुणी दिला नाही, अंदाजानं आवळताना इंजिनाच्या हेडबोल्टचा आटा गेला.

घरी पैसे लगेच द्यायचे असतील तर वर्कशॉपच. वर्षभर कळ काढता येत असेल आणि पुढं स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल, तर निपाणी गाठ.