टर्बो बदलल्याचे ४२ हजार घेतले, फाटला होता होज

खंबाटकी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकला तरी आरपीएमचा काटा ३ हजारांच्या पुढे सरकेना. मागून काळा धूर, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. मागच्या सीटवर बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गावी निघालेले, आणि आमच्या मागे लागलेला ट्रक हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. कशीबशी गाडी कडेला घेतली, बंद केली. पाच मिनिटांनी चालू केली तर काही झालंच नव्हतं अशी ओढायला लागली.

गाडी २०१४ ची, दीड लिटरची डिझेल, तेव्हा १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. महिन्याभरात हाच प्रकार चार वेळा झाला. दरवेळी चढावर किंवा हायवेवर जोरात ओव्हरटेक करताना. सिग्नल टू सिग्नल चालवताना कधीच नाही. बंद करून चालू केली की बरी. हे मी घराजवळच्या गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. बिघाडाचं निदान त्यातच होतं हे आज कळतं, तेव्हा मला ते वाचता आलं नाही.

त्याने आधी डिझेलवर खापर फोडलं. "मॅडम, डिझेलमध्ये भेसळ आहे." टाकी साफ केली, डिझेल फिल्टर बदलला, ६ हजार झाले. आठवड्यात गाडी पुन्हा कात्रजच्या चढावर बसली. मग त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. कोड होता पी०२९९. "टर्बो गेलाय. असंच चालवलं तर इंजिन काढावं लागेल." टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा भाग. बाबांची पुढची तपासणी कराडलाच होती, गाडीशिवाय त्यांना नेणार कशी? घाबरून मी हो म्हटलं. नवीन टर्बो, मजुरी धरून ४२ हजार. २५ हजार ऑनलाइन दिले आणि उरलेले १७ हजार त्याने रोख मागितले. बिलाच्या जागी पॅडवरची एक चिठ्ठी मिळाली. जुना टर्बो मागितला तर म्हणाला, "स्क्रॅपवाला सकाळीच घेऊन गेला."

गाडी चार दिवस उत्तम चालली. फसवणुकीतली खरी मेख इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब पुरेसा नाही असं इंजिनच्या कॉम्प्युटरला दिसलं की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी करतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा जातो, ताकद परत येते, आणि पुढचा मोठा चढ येईपर्यंत गाडी दुरुस्त झाल्यासारखी वाटते. शहरातल्या शहरात चालवणाऱ्याला ते आठ-आठ दिवस कळत नाही. तेवढ्यात पैसे देऊन झालेले असतात. आणि पी०२९९ या कोडचा अर्थ "टर्बो मेला" असा नाहीच. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतोय, एवढंच तो सांगतो. तो कुठे गळतोय, हे माणसाने शोधायचं असतं.

पाचव्या दिवशी खंबाटकीत पुन्हा तेच. त्या दिवशी मी गाडी रडतरखडत कराडपर्यंत नेली. गावाजवळ ट्रॅक्टर आणि जीपचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "चढाला फुस्स असा आवाज येतो का?" येत होता. मी तो वाऱ्याचा समजत होते.

त्यांच्या मुलाने मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला. इंजिन बंद असताना हवेचा दाब ९५ किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. मग मला गाडी चढावर जोरात चालवायला लावली. भर ताकदीला हा आकडा दोनशेच्या आसपास जायला हवा, तो १३० वर अडकला. परत आल्यावर त्यांनी टर्बोच्या तोंडाला रबरी टोपण बसवलं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा जेमतेम एक बार दाबाने सोडली आणि पाइपांवर साबणाचं पाणी मारत गेले. टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला, भसाभसा फेस आला. त्या जागेवर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा लेप होता. तो पुसून त्यांनी होज बोटांनी वाकवला तेव्हा दोन इंचांची चीर उघडी पडली. सोडला की पुन्हा मिटली. गाडी उभी असताना दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली. चढाला दाब आला की ती उघडणार, मोजून आत घेतलेली हवा बाहेर जाणार, इंजिनला हवा कमी आणि डिझेल जास्त पडणार. काळा धूर त्याचाच.

"मग टर्बो?" मी विचारलं.

त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. "ताई, हिथं बघा. ह्या नटांना पाना तरी लागलाय का?"

टर्बो जिथे एक्झॉस्टला बसतो तिथले नट गंजून लाल झालेले, त्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली. पाना लागला असता तर कडांवर लोखंड चमकलं असतं. तेलाच्या नळीचे तांब्याचे वायसर काळे पडलेले, जोडातलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पट्टी, जुनंच. ऑइल बघायची डिपस्टिक काढली तर ऑइलही काळं. टर्बो बदलताना गॅस्केट आणि वायसर नवीन लागतात, ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलतात. माझ्या चिठ्ठीवर यातलं काहीच नव्हतं, आणि ते नसणं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

टर्बोला हातही न लावता माझ्याकडून ४२ हजार घेतले होते. मला पैशांपेक्षा या गोष्टीचा जास्त संताप आला की आजारी माणसाला घेऊन मी घाटातून जाते हे त्याला माहीत होतं, तरी त्याने गाडी तशीच हातात दिली. नवा होज, दोन नव्या क्लिपा आणि मजुरी, सगळं मिळून ३,४०० रुपये झाले. जुना होज मिस्त्रींनी न मागता कागदात गुंडाळून दिला.

पुण्यात येऊन मी त्या गॅरेजवाल्यापुढे नटांचे फोटो ठेवले. आधी म्हणाला, "आमच्या पोराने साफ करून परत बसवला असेल." मग नव्या टर्बोचं खोकं आणि खरेदीचं बिल मागितलं तेव्हा आवाज चढला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो, चिठ्ठी आणि ऑनलाइन पेमेंटची नोंद जोडून त्याला लेखी नोटीस पाठवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नोटीस पोचल्यावर तीन आठवड्यांनी २५ हजार खात्यात परत आले. रोखीचे १७ हजार त्याने मिळालेच नाहीत म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडे त्याचा कसलाच पुरावा नव्हता.

गाडीने त्यानंतर खंबाटकी कितीतरी वेळा चढलाय, तिसऱ्या गिअरमध्ये, आवाज न करता.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्याच सोसायटीतल्या एका काकांना त्याच गॅरेजने टर्बोचं ५५ हजारांचं एस्टिमेट दिलंय. त्यांचीही गाडी चढालाच बसते आणि बंद करून चालू केली की बरी होते. गाडी अजून तिथेच उभी आहे. त्यांनी पैसे दिलेले नाहीत. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.