रेडिएटरवरचे गियर ऑईलचे पाइप: घरी सोडवावेत की गॅरेजात?

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गियरबॉक्सचं तेल गार व्हायला पाइपांतून रेडिएटरमधल्या छोट्या कूलरकडे जातं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अशी गाडी वापरणाऱ्यांना रेडिएटर काढायची वेळ आली की हे पाइप घरी सोडवावेत की गॅरेजात, हा प्रश्न पडतोच. माझ्या मते उत्तर जोड कसला आहे त्यावर ठरतं, म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर आधी खाली वाकून बघा. एएमटी गाडीत (साधाच गियरबॉक्स, फक्त क्लच-गियर आपोआप चालतात) हे पाइप नसतातच. काही गाड्यांत कूलर थेट गियरबॉक्सवर असतो, तिथे रेडिएटरकडे फक्त पाणी जातं.

रबरी होज आणि क्लॅम्प असेल तर खुशाल घरी करा. होज चिकटला असेल तर हिसका न देता आधी फिरवून सैल करा. नाहीच निघाला तर उभा चिरून नवा घाला. नवा होज मात्र गियर ऑईलला चालणाराच हवा. पाण्याचा होज तेलाने फुगतो आणि पुढे गळतो. स्प्रिंग क्लिपचा जोडही घरी जमतो, फक्त क्लिप नवी घ्या आणि बसवल्यावर पाइप ओढून खात्री करा.

नटाचा जोड असेल तर जपून. खानापूरकडच्या पावसात तांबडा चिखल नटावर बसतो, खाली गंज धरतो. आधी ब्रशने माती काढा, नाहीतर ती तेलात जाते. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नटचा पानाच हवा. आणि एक पाना पुरत नाही: दुसऱ्या पान्याने रेडिएटरच्या बाजूचं निप्पल, म्हणजे नट ज्यावर बसतो तो तुकडा, धरून ठेवायचं. ते फिरलं तर आतला कूलर पिळतो, तेल नि कूलंट एकमेकांत मिसळतात, आणि रेडिएटरपुरतं असलेलं काम गियरबॉक्सपर्यंत जातं. हाताशी दोन पाने नसतील किंवा नटासोबत पाइपही पिळायला लागला, तर थांबा. गॅरेजची मजुरी नव्या गियरबॉक्सपुढे काहीच नाही.

कुठेही करा, खाली ट्रे ठेवा, सुटलेली तोंडं लगेच बुचाने बंद करा आणि गळालेलं तेल मोजा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच जातीचं तेवढं परत भरायचंय. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) नसलेल्या गियरबॉक्सची पातळी ठरावीक तापमानाला, गाडी सपाट उचलून, लेव्हल प्लगमधून, म्हणजे पातळी बघायच्या बुचाच्या भोकातून, बघतात. तशी गाडी असेल तर जोड कितीही सोपा असो, मी गॅरेजच निवडेन.