मीटर समजावून सांगायचाय: थ्रीडी ॲनिमेशन करावं की सरळ कॅमेरा लावावा?

द्रवाचा प्रवाह मोजणाऱ्या कोरिओलिस फ्लो मीटरसमोर कॅमेरा लावून तासभर शूटिंग केलं, तरी हाती लागतं ते स्टीलचं एक खोकं आणि डिस्प्लेवरचा आकडा. खरं काम आत चालतं. नळ्या सतत थरथरत असतात. द्रव वाहू लागला की नळीच्या आत शिरणाऱ्या बाजूची थरथर बाहेर पडणाऱ्या बाजूपेक्षा किंचित मागे पडते, आणि या फरकावरून वस्तुमान-प्रवाह, म्हणजे ठरावीक वेळात किती वजनाचा द्रव गेला ते, मोजला जातो. ही थरथर डोळ्यांना दिसतच नाही. इथे थ्रीडी ॲनिमेशनला पर्याय नाही.

मात्र नळी रबरासारखी वळताना दाखवली, तर ‘हालचाल कितीतरी पट मोठी करून दाखवली आहे’ हे पडद्यावर लिहायलाच हवं. नाहीतर नवा टेक्निशियन प्रत्यक्षात तेवढी हालचाल शोधत बसेल.

बारीक जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरची गोष्ट उलटी. थिंबल, म्हणजे बोटांनी फिरवायची नळी, एक फेरा फिरली की दांडा 0.5 मिलिमीटर सरकतो, तिच्यावर 50 खुणा, म्हणजे लघुतम माप 0.01 मिलिमीटर. एवढं ॲनिमेशनही छान सांगेल. पण माप चुकतं ते जास्त दाबल्यामुळे. जास्त दाब पडू न देणारं टोकाचं रॅचेट कधी टकटकतं, मनगट कुठे सैल सोडायचं, हे खऱ्या हातांच्या क्लोजअपमध्येच कळतं. वाकड्या नळीने दाब दाखवणाऱ्या बोर्डन गेजलाही ॲनिमेशन लागत नाही. तबकडी काढलेला एक गेज आणि हातपंप असला की दाब वाढताना नळी उलगडते ती कॅमेऱ्यात दिसते.

वेळेचा हिशेब आधीच करा. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 40 सेकंदांच्या 1000 फ्रेम होतात. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने ते चित्र तयार करायला, तीन मिनिटं लागली, तर एका मशीनवर 50 तास. एक बोल्ट चुकीचा निघाला की ते दृश्य पुन्हा रेंडर. शिवाय कारखान्याचं कॅड मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं डिझाइन, जसंच्या तसं चालत नाही. आटे, वॉशर, आतले बारकावे काढून ते हलकं करावं लागतं. गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणूनही हे बरंच. याउलट मीटरचं नवं मॉडेल आलं, तर ॲनिमेशनमध्ये तेवढा भाग बदलता येतो. शूटिंगला पुन्हा सगळा सरंजाम मांडावा लागतो.

ॲनिमेशनवाल्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांचा पाइप कायम निळ्याशार पाण्याने काठोकाठ भरलेला असतो. चुंबकक्षेत्रातून वाहणाऱ्या द्रवातला विद्युतदाब इलेक्ट्रोडने टिपून प्रवाह मोजणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर चुकतो तो नेमका पाइप अर्धवट भरलेला असताना, किंवा हवेचा बुडबुडा इलेक्ट्रोडवर बसल्यावर. आडव्या पाइपात इलेक्ट्रोड वर-खाली न ठेवता बाजूला का ठेवायचे, हे अशा दहा सेकंदांच्या दृश्यातून पटकन कळतं. कॅमेऱ्याला ते दाखवता येत नाही.

पैसे मोजकेच असतील तर मी बसवणं, वायरिंग आणि सेटिंग कॅमेऱ्याने टिपेन, आणि ॲनिमेशन फक्त त्या बुडबुड्यासाठी करून घेईन.