टीजे की ब्लेअर: घर घेण्याआधीचा विचार

वॉशिंग्टन परिसरात येणाऱ्या कुटुंबातील मूल सहावी-सातवीत असेल, तर घर व्हर्जिनियात घ्यावे की मेरिलँडमध्ये, हा प्रश्न बरेचदा दोन सरकारी शाळांपाशी येऊन थांबतो: अलेक्झांड्रियाची थॉमस जेफरसन, म्हणजेच टीजे, आणि सिल्व्हर स्प्रिंगची माँटगोमेरी ब्लेअर. दोन्हींकडचा विशेष अभ्यासक्रम १९८५ साली सुरू झाला, पण घडण मात्र अगदी वेगळी आहे.

टीजेत अख्खी शाळाच विज्ञान-तंत्रज्ञानाची आहे. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञान एकमेकांत गुंफून शिकवले जाते, तर बारावीत प्रत्येकाला रोबोटिक्स, खगोलशास्त्र किंवा सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिक्स अशा एखाद्या प्रयोगशाळेत स्वतःचा प्रकल्प करावा लागतो. याच शाळेतील मुलांनी घडवलेला, तळहातावर मावेल एवढा उपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये अवकाशात गेला. एका तुकडीने अर्धवट ठेवलेले काम पुढच्या तुकडीने हाती घ्यायचे, असे ते वर्षानुवर्षे चालले होते. ज्या मुलाचे हात सतत काहीतरी जोडण्यात गुंतलेले असतात, त्याला अशी जागा दुसरीकडे सहज मिळणार नाही, असे मला मनापासून वाटते.

ब्लेअर ही तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची सर्वसाधारण शाळा असून विज्ञान, गणित व संगणकाच्या मॅग्नेटमध्ये, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या विशेष अभ्यासक्रमात, दरवर्षी साधारण शंभर मुले घेतली जातात. येथे भर यंत्रांपेक्षा गणित आणि प्रोग्रामिंगवर अधिक आहे. मात्र तास संपला की हीच मुले ‘ब्लेअर बुलेव्हार्ड’ नावाच्या रुंद मार्गिकेत इतर साऱ्यांमध्ये मिसळतात. नाटक, वार्तापत्र, मैदान सर्वांचे एकच. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हे मिसळणे मी प्रयोगशाळेइतकेच मोलाचे मानते.

प्रवेशाबाबत जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. टीजेची प्रवेश परीक्षा २०२० च्या अखेरीस रद्द झाली; आता गुण व लेखन पाहिले जाते आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलसाठी तिथल्या आठवीच्या विद्यार्थीसंख्येच्या दीड टक्के इतक्या जागा राखीव असतात. त्यामुळे त्यासाठीचे महागडे क्लास सांगणाऱ्यांना आधी परीक्षा कोणती, ते विचारावे. पत्ता मात्र फेअरफॅक्स किंवा सहभागी शेजारच्या भागांतलाच हवा. ब्लेअरसाठी माँटगोमेरी काउंटीत राहावे लागते, आणि तिच्या उत्तर भागासाठी पूल्सव्हिलची वेगळी शाळा आहे.

लाउडनसारख्या दूरच्या भागात घर घेणार असाल, तर निर्णयाआधी एकदा सकाळच्या गर्दीत टीजेपर्यंत जाऊन पाहा. तोच प्रवास मुलाला चार वर्षे, रोज दोनदा करायचा आहे.