राउटरचं दूरस्थ कॉन्फिगरेशन: जीनीएसीएस काही महिने वापरल्यानंतर

एकेका राउटरमध्ये लॉगिन करून तेच वायफायचं नाव, तेच डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर), तेच पीपीपीओईचे (ग्राहकाच्या इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचे) तपशील भरत बसायचं, हे काम थांबवायचं म्हणून जीनीएसीएस हा सगळे राउटर एका जागेवरून सांभाळणारा मुक्तस्रोत सर्व्हर बसवला. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि मोंगोडीबी (डेटाबेस) ओळखीचे असतील तर बसवायला फार वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

याच्या मुळाशी टीआर-०६९ हे राउटर दुरून सांभाळण्याचं मानक आहे. डीएसएल फोरमने, म्हणजे आजच्या ब्रॉडबँड फोरमने, ते २००४ मध्ये आणलं. त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: संवाद नेहमी राउटर सुरू करतो, सर्व्हर नाही. राउटर 'इन्फॉर्म' हा हजेरीचा संदेश पाठवतो, तेव्हाच सर्व्हरला बोलता येतं. घाई असेल तर सर्व्हर राउटरच्या ७५४७ पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) विनंती करतो. तो निव्वळ मिस्ड कॉल असतो. फोन उलट राउटरनेच करायचा. या व्यवस्थेचे सगळे फायदे आणि सगळे त्रास इथूनच निघतात.

पहिला प्रश्न असा की पीपीपीओईचं युजरनेमच सर्व्हरकडून यायचं असेल, तर राउटर सर्व्हरपर्यंत पोहोचणार कसा? व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारेवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) ठेवला आणि डीएचसीपीच्या (राउटरला आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन ४३ मधून सर्व्हरचा पत्ता दिला, की हे सुटतं. मग कोरा राउटर जोडला की तो स्वतःहून 'बूटस्ट्रॅप', म्हणजे 'मी पहिल्यांदाच जोडला जातोय', असं कळवतो आणि सेटिंग्ज घेतो. कुणी फॅक्टरी रीसेट केला तरी तेच घडतं, कुणाला जागेवर जावं लागत नाही. एवढ्यासाठीच मी हे पुन्हा बसवेन.

घोडं अडतं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरांपाशी. जुन्या मॉडेलांत सेटिंग्जची (पॅरामीटरची) टीआर-०९८ ही रचना असते आणि त्यांची नावं 'इंटरनेटगेटवेडिव्हाइस' पासून सुरू होतात. नव्यांत टीआर-१८१, तिथे नुसतं 'डिव्हाइस'. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय कितव्या क्रमांकावर आहे, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. जीनीएसीएसमधले व्हर्च्युअल पॅरामीटर इथे फार कामाला येतात: आपण एकच नाव ठेवायचं आणि आतल्या स्क्रिप्टने मॉडेल पाहून योग्य जागा शोधायची. स्क्रिप्टमध्ये 'हे कर, मग ते कर' असं न लिहिता 'अंती असं असलं पाहिजे' असं लिहायचं असतं. सवय व्हायला वेळ लागतो, पण पद्धत अस्सल आहे.

दोन बारकावे. एकाच आदेशात अनेक पॅरामीटरची मूल्यं पाठवली आणि त्यातली एक चुकीची निघाली, तर मानकानुसार बाकीच्याही लागू होत नाहीत. म्हणून शंकास्पद पॅरामीटर वेगळे पाठवावेत. आणि पासवर्ड वाचायला गेलं तर उत्तर रिकामं येतं, तेही मानकाप्रमाणेच. त्यामुळे 'जुळत नसेल तर बदल' हा नियम पासवर्डला लावू नका. तो बूटस्ट्रॅपच्या वेळी भरा आणि भरल्याची खूण म्हणून सर्व्हरवर त्या राउटरला टॅग लावून ठेवा.

सुरक्षेबाबत मात्र ढिलाई नको. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या राउटरसारख्या उपकरणांवर पसरणाऱ्या मालवेअरच्या एका प्रकाराने ७५४७ पोर्टवर हल्ला चढवला, तेव्हा डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. हा पोर्ट फक्त आपल्या सर्व्हरच्या पत्त्यालाच खुला ठेवा. जीनीएसीएसच्या ७५५७ पोर्टवरच्या एपीआयला (इतर प्रोग्रामनी सर्व्हरला आदेश देण्याच्या वाटेला) स्वतःचं लॉगिन नाही, तो फायरवॉलमागेच हवा. राउटर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद एचटीटीपीएसवर आणि प्रत्येक राउटरला वेगळा पासवर्ड, यात तडजोड करू नये.

वीज गेली आणि परत आली की सगळे राउटर एकदम हाक मारतात. उत्तर मिळालं नाही तर पहिला पुनर्प्रयत्न ५ ते १० सेकंदांत, दुसरा १० ते २० मध्ये, असं अंतर दुपटीने वाढत जातं, म्हणून गर्दी आपोआप पांगते. नियमित इन्फॉर्मच्या वेळा मात्र आपणच विखुरून द्याव्यात. दर पाच मिनिटांनी इन्फॉर्म हवाच, असा हट्ट धरू नये.

यूएसपी, म्हणजे टीआर-३६९ हे नवं मानक, हा पुढचा मार्ग आहे. त्यात जोडणी कायम उघडी राहते आणि मिस्ड कॉलची भानगड उरत नाही. पण आधीपासून वापरात असलेले बहुतेक राउटर टीआर-०६९च बोलतात, म्हणून तूर्त मी इथेच थांबलोय. नवीन मॉडेल घेताना आधी एक नग मागवा, त्याची पूर्ण पॅरामीटर यादी सर्व्हरवर खेचून पाहा, फॅक्टरी रीसेट करून परत येतो का तपासा, आणि मगच बाकीची ऑर्डर द्या.