साउंड कार्ड घरात आहे, हेडफोन कुठला घ्यावा? सोलापूरकरांसाठी जोडी जुळवण्याचा हिशोब

‘तीनशे ओहमचा हेडफोन? कॉम्प्युटरला झेपणार नाही.’ महागाच्या हेडफोनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग माणूस घाबरून कमी ओहमचा प्लेनर (पातळ, सपाट पडद्याचा) हेडफोन आणतो, आणि नेमका तोच कार्डाला जड जातो. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा. त्यावरून फक्त एवढंच कळतं की हेडफोनला व्होल्ट जास्त लागणार की करंट. किती लागणार, ते संवेदनशीलतेच्या, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो त्या आकड्यावरून कळतं. खोक्यावर तो आकडा असतो, पण वाचतं कोण?

त्यातही एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा एका मिलीवॅटला देतात, काही एका व्होल्टला. दोन्ही एकाच मापावर आणल्याशिवाय तुलना करू नये. ३०० ओहमच्या हेडफोनला मिलीवॅटच्या आकड्यात साधारण ५ डेसिबल मिळवले की व्होल्टचा आकडा येतो. २५० ओहमला ६ मिळवायचे, ५० ओहमला १३.

खालच्या तक्त्यात सगळे एका मापावर आणले आहेत. ११० डेसिबल ही पातळी सतत ऐकायची नाही, ती कानाला घातक आहे. सरासरी ८५ च्या आसपास ऐकताना सम किंवा ढोलाचा ठोका क्षणभर जिथवर उसळतो, तिथवर कार्डाची ताकद पुरायला हवी, म्हणून ती धरली आहे.

| हेडफोन | ओहम | १ व्होल्टला डेसिबल | ११० डेसिबलला व्होल्ट | मिलीवॅट | मिलीअँपिअर |
|---|---|---|---|---|---|
| सेनहायझर एचडी ६५० | ३०० | १०३ | २.२ | १७ | ७.५ |
| बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो | २५० | १०२ | २.५ | २५ | १० |
| डीटी १९९० प्रो, डीटी १७७० प्रो | २५० | १०८ | १.३ | ६ | ५ |
| एकेजी के७०२ | ६२ | १०५ | १.८ | ५१ | २९ |
| हायफायमन सुंदरा | ३७ | १०८ | १.२ | ४० | ३३ |
| हायफायमन एचई-६ | ५० | ९६.५ | ४.७ | ४५० | ९५ |

सुंदराचा हिशोब कंपनीचा ९४ चा आकडा मिलीवॅटला धरून केला आहे.

आता डीटी ९९० आणि डीटी १९९० शेजारी ठेवून बघा. ओहम तेच २५०, पण १९९० ला व्होल्ट जवळपास निम्मे आणि वीज एक चतुर्थांश पुरते. एचई-६ तर अवघा ५० ओहमचा, तरी त्याला जवळजवळ अर्धा वॅट हवा. हा हेडफोन कुठल्याही साउंड कार्डाच्या भरवशावर घेऊ नये. त्याला वेगळा, दणकट अँप्लिफायरच लागतो.

कार्डांकडे वळू. मदरबोर्डवरच्या रिअलटेक चिपमधून साध्या बोर्डावर एक व्होल्टच्या आसपास मिळतो, चांगल्या बोर्डावर दोनच्या जवळ. एका व्होल्टवर एचडी ६५० चा आवाज १०३ डेसिबलपर्यंत जातो. आजकालच्या सिनेसंगीताला तेवढा पुरतो, कारण ती गाणी मुळातच वरच्या पातळीवर मिक्स केलेली असतात. जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं मात्र हळू आवाजात असतात. तिथे व्हॉल्यूम शंभरावर नेऊनही ‘अजून थोडा हवा होता’ असं वाटत राहतं.

असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स २००९ चं. आता ते जुन्या बाजारातच सापडतं, पण ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनला व्होल्ट पुरवण्यात अजून मागे पडत नाही. त्याला पॉवर सप्लायमधून चार पिनांची मोलेक्स जोड द्यावीच लागते. नव्या सप्लायमध्ये ती वायर आहे का, ते आधी बघा. सॉफ्टवेअरमध्ये गेनच्या (आवाज किती पटीने वाढवायचा त्याच्या) तीन पायऱ्या आहेत: ६४ ओहमखाली, ६४ ते ३०० आणि ३०० ते ६००. कमी ओहमचा, संवेदनशील हेडफोन लावून गेन वरच्या पायरीवर राहिला, तर कान आणि हेडफोन दोन्ही धोक्यात. विंडोजच्या नव्या आवृत्तीवर बरेच जण त्याला हौशी लोकांनी तयार केलेला यूनी झोनार ड्रायव्हर वापरतात.

एसटीएक्सचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे कार्डाच्या जॅकचा स्वतःचा ओहम, साधारण १०. क्रिएटिव्हच्या साउंड ब्लास्टर एई-५ चा १ ओहम. कमी ओहमचा हेडफोन घ्यायचा असेल तर हा फरक खर्चापेक्षा महत्त्वाचा आहे. हेडफोनचा ओहम कार्डाच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान आठपट असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे १० ओहमच्या कार्डावर ८० ओहमच्या वरचं काहीही बिनघोर लावा. १६ ओहमचे इअरफोन नकोत.

हे न पाळलं तर काय बिघडतं? एचडी ६५० कागदावर ३०० ओहमचा असला, तरी खर्जात तो पाचशेच्या आसपास चढतो. कार्डाचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम असेल तर खर्ज जवळपास एक डेसिबलने फुगतो. डग्गा घुमायला लागतो आणि तंबोऱ्याचा खर्ज पसरट होतो. १० ओहमच्या कार्डावर तीच सूज ०.१ डेसिबल, म्हणजे नसल्यासारखीच. प्लेनर हेडफोनचा ओहम सगळ्या सुरांना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे त्याचा आवाज रंग बदलत नाही, फक्त थोडा उतरतो.

कार्डाचा हा आकडा छापलेला नसेल तर घरी मोजता येतो. ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि हेडफोन काढून जॅकवर मल्टिमीटर एसीवर लावा. स्वस्त मीटर हजार हर्ट्झला चुकतं, ५० ला बरोबर दाखवतं. व्हॉल्यूम फिरवून अर्धा व्होल्ट आणा, मग जॅकवर ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा वाचा. पहिलं वाचन भागिले दुसरं, त्यातून एक वजा, गुणिले ३३. ०.५० चे ०.३८ झाले तर उत्तर साधारण १०.४ ओहम. पूर्ण व्हॉल्यूमवर हा प्रयोग करू नका. ३३ ओहमच्या ओझ्याखाली कार्ड आधीच दबतं आणि आकडा खोटा येतो.

इथपर्यंतचा हिशोब कुठल्याही गावाला लागू. सोलापुरात दोन गोष्टी वाढतात: ऊन आणि आवाज. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असताना कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचा बंद हेडफोन अर्ध्या तासात कानाला चिकटतो. घामाने ते चामडंही लवकर सोलतं. मखमली गाद्यांचा उघडा (मागे जाळी असलेला) हेडफोन अशा वेळी सुखाचा, म्हणून एचडी ६५० किंवा डीटी १९९०. पण उघडा हेडफोन बाहेरचं काहीच अडवत नाही. खिडकीत कूलर घरघरतोय किंवा शेजारी यंत्रमागांची खडखड चालू आहे, अशा खोलीत त्याची सगळी नजाकत वाया जाते. तिथे डीटी १७७० प्रो घ्या. तो बंद आहे, चामड्यासोबत मखमली गाद्याही खोक्यातच येतात आणि १.३ व्होल्टवर भागत असल्याने चांगल्या मदरबोर्डालाही झेपतो. मखमल लावली की आवाज अडवण्याची ताकद थोडी कमी होते. उन्हाळ्यात तो सौदा मान्य करावा.

माग जवळ असतील तर सुताची बारीक धूळ पंख्यातून कॅबिनेटमध्ये येते आणि उघड्या हेडफोनच्या जाळीतूनही आत शिरते. ड्रायव्हरवर (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या पडद्यावर) एखादा धागा किंवा केस बसला तरी ठरावीक सुरांना फर्रर्र असा आवाज येतो. लोक त्याला ड्रायव्हर फाटला समजतात. वापरून झाल्यावर हेडफोन पिशवीत ठेवावा.

तेव्हा जोड्या अशा. एसटीएक्स असेल आणि खोली शांत असेल तर एचडी ६५०. आवाज उबदार, वरचे सूर मऊ, तासन् तास ऐकला तरी थकवा नाही. डीटी ९९० ला व्होल्ट पुरतील, पण त्याचे वरचे सूर टोचतात. स्वस्त मिळतोय एवढ्याच कारणाने तो घेऊ नका. एई-५ असेल तर सुंदराचा विचार करायला हरकत नाही, एचडी ६५० ही चालतो. नुसता मदरबोर्ड असेल तर डीटी १९९० किंवा १७७०, आणि कार्डाचे पैसे वाचवा. के७०२ ला व्होल्ट जेमतेम लागतात, पण करंट एचडी ६५० च्या चौपट. कमकुवत जॅकवर तो पातळ वाजतो आणि दोष हेडफोनच्या माथी येतो.

जोडल्यावर माउस हलवताना किंवा गेम सुरू होताना किरकिर ऐकू आली तर आधी पुढचा जॅक सोडून मागचा वापरा. पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते. साउंड कार्डही ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या खाचेत बसवा. घूंऽऽ असा सलग आवाज फक्त स्पीकर जोडल्यावरच येत असेल तर दोन उपकरणांच्या अर्थिंगचा घोळ आहे. दोन्ही एकाच बोर्डातून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेडफोनआधी वायरमन बोलवा.

यातल्या काही हेडफोनांना, उदाहरणार्थ एचडी ६५० ला, जाड, ६.३ मिलिमीटरचा प्लग असतो. त्यावर ठोकळ्यासारखा अडॅप्टर लावून ३.५ च्या जॅकमध्ये खुपसू नका, वजनाने जॅक हलका होतो. वीतभर वायरचा लवचीक अडॅप्टर मिळतो, तो घ्या. एसटीएक्सला मोठा जॅक असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधले सराउंड आणि खर्ज वाढवणारे सगळे प्रकार बंद करा.

ऐकून ठरवायचं असेल तर सकाळच्या हुतात्माने पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. आपली चार ओळखीची गाणी बरोबर न्या. एक खबरदारी घ्या: दुकानात एकाच अँपवर, एकाच व्हॉल्यूमवर एचडी ६५० आणि डीटी १९९० ऐकवले जातील. १९९० तिथे पाच डेसिबल मोठा वाजतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमी ‘भारी’ वाटतो. तो काढून ६५० लावला की व्हॉल्यूम वाढवून आवाज सारखा करून घ्या, मगच तुलना करा.