खाडी-खाजणाच्या मोजणीत आरटीके रिसीव्हर : पावसाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

वाशिष्ठीच्या खाडीकाठची खाजणं (खारजमिनी) आणि कांदळवनं मोजायला दोन फ्रीक्वेन्सींच्या आरटीके रिसीव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा आणि उंची देणाऱ्या यंत्रांची जोडी वापरात आहे. एक बेस (एका जागी स्थिर, दुरुस्ती पाठवणारा), एक रोव्हर (काठीवर फिरवायचा), फोनवर क्यूफील्ड हे नकाशाचं ॲप. घ्यायची असेल तर उंचीसाठी घ्या. १:५०,०००च्या नकाशा-शीटवर समोच्च (समान उंचीच्या) रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. खाजण, खारबंधारा, उघाडी (बंधाऱ्यातली पाणी सोडायची झडप), सगळं पहिल्या रेषेच्या खालीच. आणि खारं पाणी शेतात शिरणार की नाही, हे वीतभर उंचीवर ठरतं.

मोकळ्या बांधावर उभी चूक २-३ सेंटीमीटर. मात्र रिसीव्हर देतो ती एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली उंची. आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीलाच ती उणे ६० मीटरच्या पलीकडे जाते. ही उंची समुद्रसपाटीवर आणणारं जिऑइड मॉडेल लावूनही फरक उरतो. तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवर (उंची ठरलेल्या खुणेवर) काठी धरूनच काढावा, शक्यतो दोन्ही काठांवर.

तिवरांच्या गर्दीत खरी कसोटी. पानांआड सिग्नल तुटतो, पाण्यावरून परावर्तित होऊन येतो, फिक्सचा (पक्क्या उत्तराचा) फ्लोट (कच्चं उत्तर) होतो. फ्लोटपेक्षा खोटा फिक्स वाईट: पडद्यावर सगळं ठीक, उंची मात्र अर्धा मीटर चुकलेली. म्हणून रिसीव्हर रीसेट करून तोच बिंदू पुन्हा घ्यायचा. दोन आकडे ३ सेंटीमीटरच्या आत जुळले तरच ठेवायचा. फारच दाट असेल तर मोकळ्या कडेला बिंदू घेऊन आत ऑटो लेव्हलने (दुर्बिणीच्या उंचीमापकाने) जावं, वेळ कमी जातो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) उघड्यावरही फिक्स सुटतो. काम दिवसाउजेडी आटपा.

काठी चिखलात खचते, टोकाला १५ सेंटीमीटरची सपाट चकती लावाच.

सर्वांत मोठा फायदा होडीवर. बंदराचं भरतीचं कोष्टक खाडीत आतवर लागू पडत नाही, भरती तिथे उशिरा पोचते. अँटेना इको साउंडरच्या (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) बरोबर वर बसवून दोघांमधलं उभं अंतर टेपने मोजलं, की तळाची उंची थेट मिळते, कोष्टक लागत नाही. साउंडरचा ध्वनिवेग मात्र रोज तपासा: दोरीला लोखंडी पत्रा बांधून २ आणि ४ मीटरवर सोडायचा. पावसाळ्यात वर गोडं, खाली खारं पाणी असतं, त्यामुळे कालचा आकडा आज चालत नाही.

मोबाइलची रेंज खोऱ्यात दगा देते, मग बेसची दुरुस्ती रोव्हरला पोचत नाही. बेस आणि रोव्हर दोन्हींवर कच्चा डेटा साठवत ठेवा, म्हणजे घरी येऊन पोस्ट-प्रोसेसिंग (तेच गणित संगणकावर) करता येतं.